थोड्या खर्चात सहकुटुंब नगरदर्शन

(सौंसर येथे शिक्षक, पालक व पंचायत सचिव यांच्या मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण.)



आजच्या मेळाव्यात माझ्याआधी तीन वक्ते बोलले. एकाने संत्र्याच्या बागांवरील रोगांविषयी सांगितले, दुसऱ्याने पीकविम्याविषयी, तिसऱ्याने शाळेतील गळतीविषयी. या गंभीर विषयांनंतर मी उभा राहून सहलीविषयी बोलावे, हे काही जणांस विसंगत वाटेल. मृग बहार गळून पडला असता आणि कापसाचे पैसे हाती आले नसता फिरावयास जाण्याची गोष्ट कोणी काढावी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि, हा विषय चैनीचा आहे असे मी मानीत नाही. कसे, ते एका प्रसंगावरून सांगतो.

मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. पाचवीच्या वर्गात ‘मी पाहिलेले शहर’ या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. आपल्या मुलांनी पाहिलेले शहर म्हणजे अर्थातच नागपूर. वह्या तपासू लागलो, तेव्हा ध्यानात आले की वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी दवाखान्याचे वर्णन केले आहे. कोणाच्या आजोबांची शस्त्रक्रिया, कोणाच्या आईची तपासणी; व्हरांड्यात अंथरलेली चादर, खाली फाटकाजवळचा चहा, रात्री न विझणारे दिवे. एका मुलाने शेवटी लिहिले होते, ‘नागपुरात माणसे आजारी असतात.’ त्या वाक्याखाली लाल रेघ ओढण्यास माझा हात धजला नाही. त्याच्या अनुभवापुरते ते वाक्य खरेच होते.

आपल्या भागातील शेकडो कुटुंबे वर्षातून दोनतीनदा नागपुरास जातात. जाणे दुखण्यासाठी, मंडीतील व्यवहारासाठी किंवा लग्नाच्या बस्त्यासाठी. मूल बरोबर असले तर ते सामानाबरोबर असते. त्याला बोट धरून कोणी म्हणत नाही की, चल, आज तुझ्यासाठी हे शहर पाहू. आणि असे का म्हणत नाही, तर ‘परवडणार नाही’ ही एक समजूत. या समजुतीचा आधार किती खरा आणि किती खोटा, हे मला आज तपासावयाचे आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट. नागपूर हे परक्याचे शहर आहे, आपण तेथे दबकून वागावयाचे, असा एक भाव आपल्या लोकांच्या मनात असतो. वास्तविक, अठराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसविले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. बारा लहान वाड्या एकत्र करून त्याने नगराची उभारणी केली. देवगडचा किल्ला कोठे आहे? आपल्याच सातपुड्यात, छिंदवाड्याच्या अलीकडे, मोहखेडच्या बाजूला. म्हणजे नागपूरने आपल्याला वसविलेले नाही. आपल्या डोंगरांतून उतरलेल्या राजाने नागपूर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने जुम्मा तलाव बांधविला. तोच आजचा गांधीसागर. पुढे भोसले आले, इंग्रज आले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेले आणि आपण मराठी बोलत इकडे राहिलो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला आणि पांढुर्णा-सौंसर त्यात एकत्र आले. कागदावरील सीमा बदलतात. परंतु सौंसरच्या पोराला नागपूरच्या संग्रहालयातील पाटी आपल्या घरच्या भाषेत वाचता येते, हा लाभ बदललेला नाही. हा लाभ आपण फारच थोडा घेतो.

आता प्रत्यक्ष पाहण्याच्या ठिकाणांकडे वळतो. पांढुर्ण्याहून येणारा मनुष्य इटारसीच्या मुख्य लोहमार्गाने नागपूरच्या मोठ्या स्थानकावर उतरतो. तेथून रिक्षा करण्याची घाई करू नये. टेकडीचा गणपती स्थानकाला लागूनच आहे. ज्यांना दर्शन घ्यावयाचे असेल त्यांनी घ्यावे. तेथून थोडे चालत गेले की शून्य मैलाचा दगड लागतो. वालुकाश्माचा स्तंभ आणि बाजूस घोड्यांचे पुतळे. हा भारताचा मध्यबिंदू होय असे सर्रास सांगितले जाते. शिक्षकांनी मात्र मुलांना इतके सांगावे की हे भूमापन खात्याचे चिन्ह आहे. देशाचा मध्य कोठे, हा प्रश्न देशाच्या सीमा कोणत्या धरल्या यावर अवलंबून असतो, आणि सीमा तर १९४७ साली बदलल्या. पाचवीच्या मुलाला हे कळते. मी समजावून पाहिले आहे. येथे पैसा लागत नाही. फक्त रस्ता ओलांडताना मुलांचा हात सोडू नये.

तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावर मध्यवर्ती संग्रहालय आहे. लोक त्याला अजब बंगला म्हणतात, आणि मला हेच नाव अधिक आवडते. त्याची स्थापना १८६३ ची. देशातील जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते आणि आज ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाकडे आहे. पेंढा भरलेले पशुपक्षी, जुनी शस्त्रे, दगडी मूर्ती, नाणी, आदिवासींच्या वापरातील वस्तू अशी दालने तेथे आहेत. प्रवेशशुल्क इतके अल्प असते की स्थानकावरील एका चहाच्या फेरीत त्याहून अधिक खर्च होतो.

या अजब बंगल्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण बहुतेक मंडळी तेथे चूक करतात. दारातून शिरतात, वाघासमोर उभे राहतात, मग एका दालनातून दुसऱ्यात अशी पाऊण तासात प्रदक्षिणा पूर्ण करून बाहेर पडतात. मुलाच्या हाती काही लागत नाही. मी माझ्या नातवंडांना घेऊन गेलो तेव्हा एकच नियम केला : प्रत्येकाने आपल्या घरी किंवा गावात पाहिलेली एक वस्तू शोधून काढावयाची. नातू शस्त्रांपुढे रेंगाळला. नात मात्र आदिवासी दालनातील एका साध्या उपकरणासमोर थांबली आणि म्हणाली, “आजोबा, हे तर आपल्या सालदाराच्या घरी आहे.” होते खरे. ज्याच्या घरी ती वस्तू रोजच्या वापरात आहे, त्या मनुष्याने ही काचेची पेटी कधी पाहिलेली नाही. परत आल्यावर आम्ही त्याला ते सांगितले, तेव्हा तो हसला. त्याला वाटले आम्ही थट्टा करीत आहोत. पुढच्या खेपेस तो व त्याचा मुलगा आमच्याबरोबर आले. त्या मुलाने पेटीसमोर उभे राहून ती वस्तू कशी वापरतात हे माझ्या नातवंडांना, आणि नंतर तेथे जमलेल्या चारपाच अनोळखी मुलांना, हातवारे करून दाखविले. मी चाळीस वर्षे शिकविले. त्या दिवशी मात्र मी श्रोता होतो.

गोंडांविषयी ज्यांनी आरंभी टिपणे केली त्यांत स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी होते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्येच ते नाल्यात बुडून वारले आणि त्यांची टिपणे नंतर सर रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. काचेच्या पेटीमागे कोणाचे तरी पायी भटकणे असते, हे त्यांना कळते.

अजब बंगल्यापासून महाराजबागही चालत जाण्याइतकी जवळ आहे. भोसल्यांची ही बाग. १८९४ पासून तेथे प्राणिसंग्रहालय आहे आणि आज ते कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. झाडांच्या सावलीत शिदोरी सोडावयास जागा आहे. लहान मुलांचे समाधान या एका ठिकाणी होते, म्हणून मी त्याविषयी अधिक बोलत नाही.

येथे माझी एक फजिती सांगितली पाहिजे. पहिल्याच खेपेस मी कुटुंबाला सोमवारी घेऊन गेलो. सोमवार हा अनेक संग्रहालयांच्या सुट्टीचा दिवस असतो, हे मी स्वतः मुलांना शिकविलेले. पण स्वतःच्या प्रपंचात मास्तर विसरभोळा असतो. बंद फाटकासमोर आम्ही सहा जण उभे. महिना एप्रिलचा. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय, हे मी आपणास सांगण्याची आवश्यकता नाही. पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो ते दिवस पुढे येतात, पण एप्रिलातही दुपार सोसवत नाही. मग थंडाव्यासाठी एका मोठ्या वातानुकूलित दुकानात शिरलो. आत जाण्यास पैसे पडत नाहीत ही गोष्ट खरी. परंतु तेथून बाहेर पडेपर्यंत नातवाच्या हातात एक बॅटरीची मोटार, नातीच्या हातात चकचकीत डबा आणि माझ्या खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे, अशी स्थिती झाली. मोटार सौंसरपर्यंतही टिकली नाही. त्या दिवसापासून माझी नात हिशेबाची वही ठेवते. तिच्या वहीत पुढील चार सहलींचे आकडे आहेत, आणि चारही वेळा एकच गोष्ट आढळली : पाहण्याच्या ठिकाणांची तिकिटे हा सर्वांत लहान खर्च. त्याहून मोठा खर्च येण्याजाण्याच्या भाड्याचा. आणि सर्वांत मोठा खर्च, ज्याला कोणी खर्च समजत नाही तो, म्हणजे रिक्षा, उसाचा रस, फुगे, आइस्क्रीम आणि बाहेरचे जेवण. सहल महाग नसते. बेत न ठरविलेला दिवस महाग असतो.

यास्तव काही व्यवहारी सूचना. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते. त्या आठवड्यांत विधान भवनाच्या परिसरातील रस्ते अडविलेले असतात, आणि वर सांगितलेली ठिकाणे नेमकी त्याच परिसरात आहेत. तेव्हा वर्तमानपत्र पाहून दिवस ठरवावा. एका दिवसात दोन ठिकाणे, फार तर तीन. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, गाव व घरच्या मोबाइलचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. सीताबर्डीच्या बाजारात माझ्या परिचितांचा मुलगा अर्धा तास हरवला होता. तो ज्या दुकानदाराकडे रडत उभा राहिला, त्याला चिठ्ठीमुळेच दूरध्वनी करता आला. स्त्रियांच्या सोयीचाही विचार आधी करावा. स्थानक, संग्रहालय, बाग येथे स्वच्छतागृहे असतात. बाजारात ती शोधावी लागतात आणि लाजेपोटी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. पुरुषांच्या हे लक्षातही येत नाही.

शिदोरीविषयीही बोलू द्या. घरची भाकर, ठेचा, तिळाची चटणी, दशम्या आणि आपल्याच झाडाची संत्री यांहून प्रवासात चांगले अन्न नाही. परंतु ती शिदोरी करण्यासाठी घरातील बाई पहाटे तीनला उठते, दिवसभर मुले सांभाळते आणि रात्री परतल्यावर चूल पेटविते. तिची सहल कोठे झाली? आमच्या घरी आता असा ठराव आहे की सहलीच्या आदल्या रात्री दशम्यांचे पीठ मी मळावयाचे आणि रात्रीची खिचडी मुलाने लावावयाची. माझ्या दशम्या गोल होत नाहीत. गाडीत भूक लागली की आकार कोणी पाहत नाही.

सौंसरकरांसाठी आणखी एक ठिकाण आहे, आणि ते मला सर्वांत प्रिय आहे. मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालय. ते २००२ च्या डिसेंबरात सुरू झाले. आपल्यातील पन्नाशीच्या पुढील प्रत्येकाला नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी ठाऊक आहे. बंगाल नागपूर रेल्वेने टाकलेला तो अडीच फुटी मार्ग. त्यावरून रामाकोना, सौंसर, सावनेर करीत इतवारीला पोहोचावयाचे म्हणजे अर्धा दिवस जाई. चढावर गाडीची गती अशी मंदावे की धावून तिला गाठता येईल असे प्रत्येक तरुणाला वाटे. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली, मार्ग रुंदमापी झाला आणि आता मोठी गाडी धावते. गतीची सोय झाली हे उत्तमच. परंतु आजच्या दहा वर्षांच्या मुलाने ती छोटी गाडी पाहिलेली नाही. मोतीबागेत त्या मार्गांवरील इंजिने, डबे, कंदील, जुनी उपकरणे ठेवलेली आहेत. तेथे आजोबांना अवश्य न्यावे. इतर सर्व ठिकाणी म्हातारा मनुष्य मुलांच्या मागे पाय ओढीत चालतो. येथे तो पुढे असतो आणि मुले मागे. माझे एक वयोवृद्ध शेजारी त्या जुन्या डब्याच्या लाकडी बाकावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. ते तरुणपणी याच गाडीने संत्र्याच्या टोपल्या घेऊन जात. बाकाखाली टोपली कशी सरकवावी म्हणजे तिकीट-तपासनीसाच्या पायाला लागणार नाही, हे त्यांनी नातवाला दाखविले. त्याबद्दल आता कोणी दंड करणार नाही, असे मी त्यांना सांगितले.

शहराची नवी गाडीही मुलांना दाखवावी. नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली. पुलावरून जाणाऱ्या त्या गाडीच्या खिडकीतून शहर छपरांच्या उंचीवरून दिसते, आणि खेड्यातील मुलाला हा प्रवास हीच एक सहल असते. कोठे जावयाचे हे महत्त्वाचे नाही.

रमण विज्ञान केंद्र गांधीसागराच्या काठी आहे, म्हणजे देवगडच्या राजपुत्राच्या तलावाशेजारी विज्ञानाची शाळा. १९९२ साली ते उघडले, १९९७ मध्ये तेथे तारामंडळाची भर पडली. चंद्रशेखर व्यंकट रमण हे भारतीय वित्तसेवेत असताना काही काळ नागपुरास होते, म्हणून हे नाव. तेथील यंत्रे हाताळून पाहावयाची असतात. ‘हात लावू नका’ हे शब्द ऐकत वाढलेली आपली मुले आरंभी बिचकतात, नंतर बाहेर पडत नाहीत. या ठिकाणी तिकीट थोडे अधिक आहे, तारामंडळाचे निराळे. तेव्हा तो एक दिवस त्यासाठीच ठेवावा. दीक्षाभूमीला प्रवेशशुल्क नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली व दिली, तेथे उभारलेला स्तूप २००१ मध्ये खुला झाला. त्याची घडण सांचीच्या स्तूपावरून घेतलेली आहे, हे आपल्या राज्यातील मुलांना सांगण्यासारखे आहे. विजयादशमीच्या सुमारास तेथे लाखोंचा समुदाय येतो. लहान मुलांना शांतपणे दाखवावयाचे असेल तर अन्य दिवस निवडावा. सीताबर्डीचा किल्ला, जेथे १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली, लष्कराकडे आहे आणि वर्षातून मोजकेच दिवस, २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट या तारखांना, जनतेसाठी उघडण्याची प्रथा आहे. यांतील दोन दिवशी आपल्या शाळेत झेंडावंदन असते, तेव्हा १ मे हाच आपल्या सोयीचा; पण त्या उन्हात मी कोणाला जा म्हणून सांगणार नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींशी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या शाळांच्या सहली दूर जातात. दूर गेल्याशिवाय सहल झाली असे पालकांना वाटत नाही, आणि शाळेलाही दूरच्या नावाचा मोह असतो. वर्गणी वाढते. मग प्रत्येक वर्गात पाचसहा मुले अशी निघतात की त्यांच्या पोटात नेमके त्याच आठवड्यात दुखू लागते. मी स्वतः अशा सहली काढल्या आहेत. एके वर्षी बस सुटताना मी यादी वाचीत होतो, तेव्हा शाळेच्या कुंपणाबाहेर एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी दिसली. ती माझ्याच वर्गातील होती. दोन दिवसांपूर्वी तिने सांगितले होते की तिला बस लागते. बस लागते म्हणाली त्या मुलीने बस दृष्टीआड होईतो हात हलविला. तिची वर्गणी मी भरू शकलो असतो. मला तसे सुचले ते चार मैल पुढे गेल्यावर.

त्यानंतर मी जेथे होतो तेथे एकच पद्धत ठेवली. सर्व मुले येऊ शकतील इतकीच सहल लांब. पांढुर्ण्याहून रेल्वेने, सौंसरहून रेल्वेने किंवा एस. टी. ने नागपूर, घरची शिदोरी, दोन ठिकाणे आणि सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात घर. मुख्याध्यापकांचे पत्र सोबत असले तर विद्यार्थ्यांच्या गटास बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते. काही पालकांनी नाके मुरडली. एकाने ‘नागपूर तर आम्ही रोज पाहतो’ असे ऐकविले. त्याच्या मुलाला अजब बंगला कोणत्या रस्त्यावर आहे हे ठाऊक नव्हते.

नागपूरखेरीज दुसरी दिशाही आहे. सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्यास गेले की आदिवासी संग्रहालय आहे. १९५४ मध्ये ते सुरू झाले आणि पुढे त्यास बादल भोई यांचे नाव देण्यात आले; २०२४ च्या नोव्हेंबरात तेथे आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांसंबंधीच्या नव्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तेथील पाट्या हिंदीत आहेत, आणि ते ठीकच आहे. आपल्या मुलांना दोन्ही भाषा हव्यात. सावनेरच्या बाजूस अदासा येथील गणपती व धापेवाड्याचा विठ्ठल ही जवळजवळची क्षेत्रे आहेत. घराजवळ जामसावळीचे मारुती मंदिर तर सर्वांच्या परिचयाचे. मंगळवार-शनिवारची गर्दी टाळली तर तेथे वृद्धांना निवांत बसता येते.

शेवटी एका अवघड गोष्टीला हात घालतो. आपल्या भागातील सर्वांत मोठा विनामूल्य जमाव कोणता, असे विचारले तर उत्तर एकच येईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, जाम नदीच्या पात्रातील गोटमार. पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधील पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. तिच्यामागील कथा मला ठाऊक आहे, चंडिकामातेवरील श्रद्धेचा मी आदर करतो, आणि कोणाची परंपरा येथे उभे राहून हिणविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्या पात्रात माणसांचे प्राण गेले आहेत, डोळे गेले आहेत, आणि दरवर्षी जखमी मोजले जातात. शासनाने प्रतिबंधक आदेश काढून पाहिले, दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले. चेंडू बाजूला पडले. प्रौढांनी काय करावे हे प्रौढांनी ठरवावे. मी बोलतो ते मुलांपुरते. लेकराला खांद्यावर बसवून काठावर उभा असलेला बाप मी प्रत्यक्ष पाहिला आहे. दगड कोणाच्या खांद्यावर कोण आहे, हे पाहून येत नाही.

नेमक्या त्याच दिवशी नागपुरात आणि साऱ्या विदर्भात तान्हा पोळा असतो. भोसल्यांच्या काळापासून ही चाल आल्याचे सांगतात. मुले लाकडी बैल सजवितात, दोरी धरून घरोघर फिरवितात आणि बोजारा मिळवितात. नागपुरात त्याच दिवशी काळी व पिवळी मारबत निघते. एक १८८१ पासून, दुसरी १८८५ पासून. ती गर्दीची गोष्ट आहे, लहानांना दुरून दाखवावी. परंतु तान्हा पोळा आपल्या गावी, आपल्या शाळेच्या मैदानावर सहज होऊ शकतो. काही गावांत होतो, हे मी जाणतो. तो दुपारी, गोटमारीच्याच वेळी व्हावा, आणि नदीपासून दूर व्हावा, इतकीच माझी विनंती आहे. सुताराकडील उरलेल्या लाकडाचा बैल होतो. चाके नसली तर ओढता येतो. ज्या घरी तेवढेही नसेल, त्या मुलासाठी शिक्षकांनी एकदोन बैल शाळेत राखून ठेवावेत. आणि कोणासाठी राखले हे बोलू नये.

माझा वेळ संपत आला आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले. माझ्या नातीने तिच्या वहीवरून एक कागद तयार केला आहे. कोणत्या ठिकाणाहून कोणत्या ठिकाणी चालत जाता येते, पिण्याचे पाणी कोठे आहे, कोणत्या वारी कोठे बंद असते, हे त्यावर लिहिले आहे. तिकिटांचे दर तिने मुद्दाम पेन्सिलीने लिहिले आहेत, कारण ते बदलतात. जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्याच्या पन्नास प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. संपल्या तर ज्याला मिळाली त्याच्याकडून उतरवून घ्यावी. आणि पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही काही मंडळी सकाळच्या गाडीने मोतीबागेस निघणार आहोत. ज्यांच्या घरी छोट्या गाडीतून गेलेली आजी किंवा आजोबा असतील, त्यांनी त्यांना घेऊन स्थानकावर यावे. दशम्या मी आणीन.